उलट मोजणारा कॅमेरा

आश्विन शुद्ध नवमी, सकाळचे सव्वानऊ. वेळेबद्दल मला शंका नाही, कारण त्या आठवड्यात कळंबची वीज बरोबर सव्वानऊला जात असे आणि स्वयंपाकघरातला आईचा मिक्सर नुकताच मध्येच थांबला होता. ओसरीवर आप्पांनी गोणपाट अंथरले होते आणि त्यावर वर्षभर राबलेली सगळी हत्यारे ओळीने मांडली होती: लहानमोठे पाने, ग्रीसगन, औषध फवारायचा पंप, विळे, कुऱ्हाड, आईचे शिलाई मशीन, माझी कंपासपेटी. आप्पा म्हणजे माझे वडील. शेती सांभाळून ते पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या मोटारी आणि इंजिने दुरुस्त करीत. खंडेनवमीला हत्यारांची पूजा सगळेच करतात, पण आप्पांची पूजा आदल्या दिवसापासून चाले, कारण जे जे उघडता येते ते ते उघडून, पुसून, तेल देऊनच पूजेला लावायचे असा त्यांचा दंडक होता. ते म्हणत, ‘‘आत घाण ठिवून वरून कुंकू लावायचं, तर देव काय येडा हाय का?’’

मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले तेव्हा ओळीतली शेवटची वस्तू त्यांच्या हातात होती. मामांनी मस्कतहून आणलेला कॅमेरा. त्याचे मागचे झाकण सताड उघडे होते, ओसरीवरचे कोवळे ऊन थेट आत पडले होते, आणि आप्पा रंगाच्या मऊ ब्रशाने आतली धूळ झटकत होते. एका बाजूच्या डबीतून निघून दुसऱ्या बाजूच्या रिळावर गेलेली तपकिरी पट्टी उन्हात चकाकत होती.

‘‘डबी बंदच हाय,’’ माझा चेहरा पाहून ते म्हणाले. ‘‘तिला हात न्हाई लावला. फोटू डबीत असत्यात ना?’’

इतर कोणत्याही कॅमेऱ्याच्या बाबतीत हे विधान पूर्ण चुकीचे ठरले असते. या कॅमेऱ्याच्या बाबतीत ते जवळजवळ बरोबर होते. पण त्या रोलवर तात्यांचा फोटो होता, तात्या श्रावणात वारले होते, आणि ‘जवळजवळ’ या शब्दात नेमके काय काय मावते हे त्या क्षणी मला माहीत नव्हते.

कॅमेऱ्याची ओळख आधी करून द्यायला हवी. तो काळ्या प्लॅस्टिकचा, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, वजनाला हलका आणि दिसायला अगदी सामान्य होता. काचेवर सरकणारे झाकण उघडले की तो जागा होई आणि बंद केले की झोपे. अंधार वाटला की न विचारता फ्लॅश पाडी. पाहायची खिडकी आणि खरी काच यांत दोन बोटांचे अंतर होते, त्यामुळे जवळून फोटो काढला की माणसाच्या डोक्यावरचा थोडा भाग नाहीसा होई. आमच्याकडच्या सुरुवातीच्या फोटोंतली निम्मी माणसे बिनटोपीची दिसतात ती त्यामुळे. पण त्याच्या दोन लकबी खास होत्या. पहिली अशी, की तो उलट मोजत असे. रोल घालून मागचे झाकण लावले की आतली मोटर बराच वेळ घरघरे आणि सगळीच्या सगळी फिल्म डबीतून बाहेर ओढून दुसऱ्या रिळावर गुंडाळून ठेवी. मग आकडा दिसे छत्तीस. एक फोटो काढला की तेवढी फिल्म परत डबीत जाई आणि आकडा होई पस्तीस. किती फोटो झाले हे तो सांगतच नसे. किती उरले तेवढेच सांगे. आई म्हणे, हा कॅमेरा नाही, मोटारसायकलचा पेट्रोलचा काटा आहे.

या उलट चालीमागचे कारण मला अकरावीत असताना उमगले. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरात काहीबाही लिहिले होते आणि तीन चित्रे होती. ती चित्रे पाहून मी एका दुपारी रिकाम्या डबीने सगळी हालचाल करून पाहिली. नेहमीच्या कॅमेऱ्यात काढलेले फोटो डबीबाहेर साठत जातात आणि शेवटी सगळे एकदम डबीत परत गुंडाळले जातात. तोवर चुकून झाकण उघडले तर सगळेच जाते. इथे काढलेला प्रत्येक फोटो लगेच डबीच्या अंधारात परत जात होता. म्हणजे चुकून उघडले तरी जाणार ती कोरी फिल्म. ज्या कोणी हे यंत्र बनवले त्याने, ते वापरणारा माणूस कधीतरी चुकणार आहे, हे आधीच धरून चालले होते. यंत्राच्या रचनेत माणसाबद्दलचे एखादे मत दडलेले असू शकते हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळले. आज माझा सगळा दिवस प्रकाश मोजणाऱ्या उपकरणांत जातो, आणि नवे उपकरण हाती आले की मी पहिला प्रश्न अजूनही तोच विचारते: हे बनवणाऱ्याने माझी कोणती चूक गृहीत धरली आहे?

दुसरी लकब नेम धरण्याची. कॅमेऱ्याच्या तोंडावर दोन बारीक काचा होत्या. त्यांतल्या एकीतून तो डोळ्यांना न दिसणारा उजेड सोडी आणि दुसरीतून परत आलेला टिपून समोरची वस्तू किती लांब आहे ते ठरवी. मात्र हे सगळे चौकटीच्या बरोबर मधल्या बिंदूवर. त्या बिंदूवर जे असेल ते स्पष्ट, बाकीचे नशिबाने. दोन माणसे अंतर ठेवून उभी राहिली की मधल्या फटीतून त्याची नजर आरपार जाई आणि मागचा डोंगर रेखीव येई, माणसे धुरकट. मामांच्या लग्नातले नवरानवरीचे कितीतरी फोटो असेच आले आहेत: मागच्या मांडवाच्या झालरीचा धागा न् धागा दिसतो, नवरानवरी मात्र ओळखू येत नाहीत.

आता त्या उन्हाळ्याकडे. आमचे मूळ घर कळंबचे नव्हे. आप्पांचा जन्म पश्चिमेकडच्या खोऱ्यातला, जे आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. पाणी यायच्या आधी गावातल्या लोकांनी आपापली घरे स्वतः उतरवली. वासे, तुळया, कौले, जे नेता येईल ते नेले. आप्पांनी खाली कळंबला बदली जमीन घेतली. त्यांचे थोरले बंधू तात्या यांनी ती नाकारली आणि ते पाण्याच्या वर, त्याच डोंगराच्या उतारावर सरकले, भात आणि नाचणी करीत राहिले. इथवर भांडण नव्हते. भांडण झाले ते चौकटीवरून. घराच्या पुढच्या दाराची सागवानी चौकट आप्पांनी तात्यांना न विचारता ट्रकात घातली आणि कळंबच्या घराला बसवली. आप्पांचे म्हणणे, पाण्यात कुजली असती. तात्यांचे म्हणणे, थोरल्याला विचारायची पद्धत असते. दोघांचे म्हणणे बरोबर होते, त्यामुळे भांडण मिटण्याची शक्यता कमी होती. माझ्या जन्माआधीपासून ते एकमेकांशी बोलत नव्हते. लग्नकार्यात दोघे एकाच मांडवात, वेगवेगळ्या पंगतीत.

त्या वर्षी पाणी फार खाली गेले. जोती उघडी पडल्याची बातमी आली आणि खाली विखुरलेले गावकरी जिपा करून निघाले. आम्हीही निघालो. घोडेगावच्या पुढे रस्ता डोंगरात शिरला. शेवटचा टप्पा पायी होता, भेगाळलेल्या गाळातून. तो पायाखाली बिस्किटासारखा मोडत होता आणि त्याला माशांचा वास होता. मी गाव पाहीन अशी कल्पना केली होती. दिसले ते फक्त आखणीसारखे काहीतरी: दगडांच्या रांगा, रांगांमध्ये मोकळ्या जागा, जणू कोणीतरी जमिनीवर घराचा नकाशा काढून ठेवला होता. आमच्या जोत्यावर काकी आधीच येऊन बसल्या होत्या. काकी म्हणजे तात्यांच्या पत्नी. त्यांनी एका कोपऱ्यात फडक्यावर नाचणीच्या भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि पळसाच्या द्रोणात करवंदे मांडली होती. तोच कोपरा का, असे मी विचारले तर म्हणाल्या, ‘‘हितं चूल व्हती माझी. दुसरीकडं कुठं वाढू?’’

तात्या जोत्याच्या पुढच्या कडेला उभे होते. डोक्याला पांढरी टोपी, उजव्या हातात विळा. दगडांच्या रांगेत तिथे एक खाच होती, दाराएवढी.

‘‘हितली चौकट कुठं गेली?’’ ते म्हणाले. कोणाकडे न पाहता.

‘‘माझ्या दाराला हाय,’’ आप्पा म्हणाले. ‘‘या की बघायला.’’

‘‘बघायचं काय तिच्यात? त्या उंबऱ्यावरनं पडून माझा दात पडलाय.’’

‘‘दात माझा पडला व्हता. तुमी ढकललं व्हतं.’’

काकींनी भाकरी मोडता मोडता मान वर केली. इतक्या वर्षांनंतरची ही पहिली वाक्ये होती, आणि त्यांचा विषय दात होता. हसावे की गप्प राहावे हे कोणालाच ठरवता येईना. मग तात्याच म्हणाले, ‘‘ढकललं व्हतं खरं,’’ आणि विळ्याच्या टोकाने दगडावरचा वाळका गाळ खरवडू लागले.

जेवणे झाली. मी फोटो काढते म्हणाले, तशी दोघे दाराच्या खाचेपाशी येऊन उभे राहिले: माझ्या डाव्या हाताला तात्या, उजव्या हाताला आप्पा, मध्ये एक माणूस सहज जाईल एवढी जागा. मी खिडकीतून पाहिले. मधला बिंदू नेमका त्या जागेत पडत होता, आणि त्या जागेतून मागचे पाणी आणि पलीकडचा डोंगर दिसत होता.

‘‘तात्या, जवळ या. मधे जागा राहिली की हा कॅमेरा तुम्हाला सोडून डोंगराला बघतो.’’

‘‘मग डोंगराचाच काढ. तो बराय दिसायला.’’

‘‘सरका की वो,’’ काकी मागून म्हणाल्या. ‘‘एवढी वर्सं लांब ऱ्हाऊन काय मिळालं? पोरगी उन्हात उभी हाय.’’

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवते. जागा तशीच ठेवूनही दोघांचा स्पष्ट फोटो काढता येत होता. बिंदू एका माणसावर धरायचा, बटण अर्धे दाबून तसेच ठेवायचे, कॅमेरा परत मध्ये आणायचा आणि मग बटण पूर्ण दाबायचे. घडीच्या कागदावरच्या तिसऱ्या चित्रात हेच होते आणि मला ते पाठ होते. मी ते केले नाही. मी म्हटले, ‘‘कॅमेऱ्याचा नियमच आहे तसा,’’ आणि वाट पाहिली.

आप्पा अर्धे पाऊल सरकले. तात्या हलले नाहीत, पण म्हणाले, ‘‘ये अजून. खात न्हाई तुला.’’ आप्पा आणखी सरकले. खांद्याला खांदा लागला. मी बटण दाबले, मोटर घरघरली, दहाचा आकडा नऊ झाला. परत निघताना तात्या जिपेपर्यंत आले नाहीत, गाळाच्या कडेलाच थांबले. पण तिथून मोठ्याने म्हणाले, ‘‘दिवाळीला येतो. चौकट बघायला.’’

श्रावणात, भाताच्या बांधावर, ते बसले ते उठले नाहीत. दवाखान्यापर्यंत न्यायला वेळच मिळाला नाही. पावसाने तोवर धरण भरले होते आणि जोते पुन्हा पाण्याखाली गेले होते. दहाव्याच्या दिवशी काकींनी मला बाजूला घेतले. ‘‘पोरी, तू फोटू काढला व्हता ना? तेवढा एकच हाय बघ. त्या मतदानाच्या कार्डावर हायेत, पर त्यात ते कुनाचबी वाटत्यात.’’ मी ते कार्ड पाहिले. नखाएवढ्या करड्या चौकोनात एक टोपी होती आणि टोपीखाली माणूस असावा असा अंदाज करता येत होता.

मग रोल लगेच धुवायला का टाकला नाही, असे कोणीही विचारील. त्या काळातली घरे ज्यांना आठवतात ते विचारणार नाहीत. रोल संपल्याशिवाय धुवायला टाकणे ही कल्पनाच कोणाच्या घरात नव्हती. अर्धी बादली भरल्यावर नळ बंद करून कोणी घरी जाते का? मी दोनदा विषय काढला. आप्पा दोन्ही वेळा म्हणाले, ‘‘अजून नऊ हाईत. दसऱ्याला संपवू, दिवाळीआधी काकीच्या हातात देऊ.’’ ते कारण खरे होते. पण आज वाटते, तो फोटो पाहण्याची त्यांनाच घाई नसावी. मधल्या काळात कॅमेऱ्याला कोणी हात लावला नाही, म्हणून आकडा नऊवरच राहिला; म्हणजे डबीत शेवटी गेलेला फोटो तोच होता.

ओसरीवर आप्पांच्या हातातला ब्रश थांबला होता आणि दुसऱ्या हाताचा अंगठा झाकणाकडे निघाला होता. ‘‘झाकण लावू नका,’’ मी म्हणाले. झाकण लागले असते तर कॅमेऱ्याला वाटले असते की नवा रोल घातला, आणि मोटरने डबीतली सगळी फिल्म, काढलेल्या फोटोंसकट, पुन्हा बाहेर ओढली असती. मी कॅमेरा हातात घेऊन त्यावर पंचा टाकला, पंच्याखालूनच दोन्ही सेल काढले, मग आत जाऊन गोधडी डोक्यावरून घेतली आणि अंधारात चाचपत, डबीच्या टोकाला पेचकस घालून, बाहेरची फिल्म फिरवत फिरवत डबीत गुंडाळली. बाहेर आईचा आवाज येत होता, ‘‘काय झालं? कुणी सांगंल का?’’ आणि त्यावर आप्पांचा, अगदी सपाट, ‘‘तात्याचा फोटू उघडला. मी.’’

गोधडीतून बाहेर आल्यावर घाई उरली नव्हती. मी बंद डबी पुन्हा तिच्या जागेवर बसवली आणि कंपासपेटीतली पट्टी घेतली. पट्टीला आधीच हळदकुंकू लागलेले होते. प्रश्न साधा होता. शेवटचा फोटो काचेमागच्या चौकोनी खिडकीतून सरकून डबीकडे गेला, पण पूर्ण आत गेला का? डबीचे तोंड आणि खिडकीची कड यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा असतेच, आणि त्या जागेत फिल्मचा जो भाग असेल त्याला ऊन लागले असणार. मी मोजले: चौदा मिलिमीटर. दोन फोटोंमध्ये दोन मिलिमीटरची कोरी पट्टी असते, ती वजा केली. राहिले बारा. फोटोची लांबी छत्तीस. म्हणजे त्या फोटोचा एक तृतीयांश भाग जळाला होता आणि दोन तृतीयांश डबीत सुरक्षित होता. त्याच्या आधीचे सगळे फोटो शाबूत.

आप्पा समोर बसून ऐकत होते. मोटारीचा बिघाड समजून घेताना ते जसे ऐकत तसेच, मान किंचित तिरकी करून. मग त्यांनी नेमका तो प्रश्न विचारला जो मी स्वतःला विचारायचे टाळत होते.

‘‘कुठली बाजू?’’

काचेतून प्रतिमा उलटी पडते, वरचे खाली आणि डावे उजवीकडे. डबी कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला. बाहेर राहिलेला भाग फिल्मच्या उजव्या टोकाचा. मी ते कागदावर दोनदा काढून पाहिले, कारण पहिल्यांदा आलेले उत्तर मला नको होते. दुसऱ्यांदाही तेच आले.

‘‘डावी,’’ मी म्हणाले.

डावीकडे कोण उभे होते हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. आप्पांनी ब्रश उचलला, त्याचे केस बोटांनी सरळ केले आणि तो ओळीत ठेवून दिला. ‘‘म्हंजी माझा येनार,’’ ते म्हणाले. ‘‘आन् त्याचा न्हाई.’’

‘‘तसं नाही. तुम्ही मधोमध होतात. ते तुम्हाला चिकटून होते.’’

‘‘किती चिकटून?’’

मी पट्टी परत कंपासपेटीत ठेवली. त्या दिवशी पूजा झाली, नारळ फुटला, ग्रीसगनला फूल वाहिले गेले. कॅमेऱ्याला आईने कुंकू लावले ते झाकणावर, हलक्या हाताने, जखमेला लावावे तसे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मंचरला गेलो. स्टुडिओच्या मालकांना सगळे शेठ म्हणत. भिंतीवर रंगवलेला धबधबा, त्याच्यापुढे प्लॅस्टिकचा मोर, आणि काउंटरमागे शेठ. मी घडलेले सांगितले तशी त्यांनी डबी माझ्याकडे परत सरकवली.

‘‘ताई, झाकण उघडलं की रोल गेला. धुवून पांढरा कागद मिळंल. तो हातात घेऊन तुमी रडणार आन् मला शिव्या देणार.’’

‘‘रडणार नाही. मोजणार आहे.’’

‘‘काय मोजणार?’’

‘‘किती जळालंय ते. हा कॅमेरा प्रत्येक फोटो काढला की लगेच परत डबीत घालतो. तुम्ही फक्त निगेटिव्ह धुवा. प्रिंट नंतर सांगते.’’

शेठनी आप्पांकडे पाहिले. मोठ्या माणसाने पोरीला समजवावे अशी त्यांची अपेक्षा असावी. आप्पा म्हणाले, ‘‘ती सांगतीया तसं करा राव. उघडला मी, हिनं न्हाई.’’ आणि ते बाहेर बाकावर जाऊन बसले. तासाभराने शेठनी मला आत बोलावले तेव्हा आप्पा उठले नाहीत.

खाली दिवा असलेल्या पांढऱ्या काचेवर शेठनी पट्ट्या पसरल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला होता. टोमॅटोची क्रेटे, बैल, मामांची मुले, लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर दमून बसलेली आई: सगळे ओळीने, छोटे छोटे, उलट्या रंगांत, जागच्या जागी. शेवटची पट्टी बहुतेक सगळी काळी होती. ज्या फोटोसाठी आलो होतो तो काळेपणाच्या कडेवर होता. एका बाजूने काळे आत घुसले होते, मग ते विरळ होत गेले होते, आणि विरळ होत जाताना त्यातून एक खांदा वर आला होता, मग एक चेहरा, त्यावर टोपी. टोपी आणि काळे यांच्यामध्ये माझ्या अंदाजाने दीड मिलिमीटर. मी पट्टी लावली. जळालेला भाग साडेतेरा भरला. दीड मिलिमीटरने मी चुकले होते. डबीच्या तोंडाला असलेल्या मखमलीतून थोडा उजेड आत झिरपतो हे मी हिशेबात धरले नव्हते. तात्या अर्धे पाऊल जरी लांब उभे असते तरी त्या टोपीखाली चेहरा राहिला नसता.

मी बाहेर गेले. ‘‘आहेत,’’ एवढेच म्हणाले. आप्पांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि चष्मा पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

फोटो घेऊन आम्ही दिवाळीआधी काकींकडे गेलो. डाव्या बाजूला पांढरा लखलखाट, तो पिवळा होत, नारिंगी होत, तांबूस होत तात्यांच्या खांद्याशी थांबलेला. काकींनी त्या लखलखाटाच्या कडेवरून बोट फिरवले. ‘‘हात कुठं गेला यांचा? हातात विळा व्हता.’’

‘‘ऊन लागलं त्याला,’’ मी म्हणाले. ‘‘जळाला.’’

‘‘बरं झालं. जल्मभर हातातला विळा सुटला न्हाई, आता तरी सुटला.’’

अडचण काढली ती हणमंताने, तात्यांच्या मुलाने. तो शांत आणि रीतीने चालणारा माणूस. फोटो भिंतीवर लावायचा तर हार घालायला हवा, आणि हार घालायच्या फोटोत जिवंत माणूस नको. त्याचे म्हणणे चूक नव्हते. कोणाच्याही घरी असेच करतात. म्हणून मी पुन्हा मंचरला गेले. शेठ आता माझ्याशी वेगळ्या आवाजात बोलत. ‘‘कापू की मधून, त्यात काय अवघड? तुमी फक्त कुठून ते सांगा. मोजून.’’ मी निगेटिव्ह काचेवर ठेवले आणि दोन माणसांमधली रेघ शोधू लागले. आप्पांचा खांदा तात्यांच्या खांद्यावर आलेला होता. कोठूनही कापले तरी एकाचे काहीतरी दुसऱ्याकडे जात होते.

मी परत येऊन तसे सांगितले. काकींनी निर्णय द्यायला वेळ घेतला नाही. ‘‘दिराला कापून नवऱ्याला हार घालू व्हय? तसाच लावा. हार नको.’’ त्यावर आप्पा म्हणाले, ‘‘वैनी, जरा थांबा. मी गेलो की दोघांना एकच घाला, फुलंबी वाचत्याल.’’ काकी हसल्या, मग रडल्या, मग चहा ठेवायला उठल्या. फोटो अजून तिथे आहे, बिनहाराचा. आप्पाही आहेत, आणि काकींकडे गेले की त्या फोटोकडे बोट करून ‘‘माझं अजून लांबलंय’’ असे न चुकता म्हणतात.

कॅमेरा माझ्याकडे आहे. त्याची मोटर आता फिरत नाही. उघडून पाहिली, एक प्लॅस्टिकचे दातेरी चाक झिजले आहे आणि तसे चाक कोठे मिळत नाही. त्याच्या शेजारी मंचरच्या स्टुडिओचे ते पाकीट आहे, निगेटिव्हचे. पाकिटाच्या मागे पेन्सिलीने, बारावीतल्या माझ्या टोकदार अक्षरात, तीन ओळी आहेत. पहिली: अंदाज, १२ मिलिमीटर. दुसरी: प्रत्यक्ष, साडेतेरा. तिसरी ओळ मी दुसऱ्या खेपेला, कापायची रेघ शोधून झाल्यावर, शेठच्या काउंटरवर उभ्याने लिहिली.

दोघांमधील अंतर: ०.